उत्तर दाखवणारी डबी

फसली सन तेराशे चौतीस. माघ महिना. शाळूचा हुरडा सरत आला होता आणि पंधरा दिवसांवर काढणी होती. साल आणि महिना मला पक्का आठवतो, कारण गावात पुढे कितीतरी वर्षं लोक काळ असाच सांगायचे: "सख्यानं गंगा शोधली त्या साली."

बसा. चहा होऊ द्या. ही गोष्ट मी फार जणांना सांगितलेली नाही. गावानेच इतकी सांगितली की माझी पाळीच आली नाही. पण गाव तिखटमीठ लावतं. मी लावणार नाही. फजिती माझी झाली, तेव्हा सांगायचा हक्कही माझाच.

मी लोहार. नाव सखाराम. माजलगावपासून दोन कोसांवर, सिंदफणेच्या काठी आमचं गाव. शिक्षण म्हणाल तर मुळाक्षरं आणि वीसपर्यंत पाढे. पण लोखंडाचं मला कोणी काही शिकवायची गरज नव्हती. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून ते किती घाव सोसेल हे मी सांगायचो. आणि मानी इतका, की 'मला माहीत नाही' हे तीन शब्द एका ओळीत माझ्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

माझा भाता गावाच्या डोंगराकडच्या टोकाला. तिथून गंगेच्या बाजूला सरळ बघितलं की आधी महालिंगअप्पांचं दुकान, मग पाटलाचं घर, मग मारुतीचं देऊळ, मग नदी. आमच्याकडे दिशा अशाच सांगायच्या. उगवतीकडे, मावळतीकडे, गंगेकडे, डोंगराकडे. सिंदफणा पलीकडे जिला जाऊन मिळते ती मोठी नदी, ती आमची गंगा. एवढ्यावर आमच्या सात पिढ्यांचं भागलं. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर त्या माघात माझी सांडशी हरवली.

तुम्ही म्हणाल, सांडशी ती काय, दुसरी करायची. लोहारच ना तू? अहो, ती बाच्या हातची सांडशी होती. तिच्या दांड्या आधी त्याच्या आणि मग माझ्या तळहाताला झिजून बसल्या होत्या. दुसरी केली होती मी. तिच्यात धरलेला विळा घाव घातला की उडायचा. काढणी तोंडावर, चाळीस विळे माझ्या दारात पडलेले, आणि तीन दिवस सांडशी नाही. दोन घरांनी आपले विळे उचलून शेजारच्या गावच्या लोहाराकडे नेलेसुद्धा. ते मला विळा लागल्यासारखंच लागलं.

चौथ्या दिवशी शाळेच्या पेटीची कडी बसवायला गेलो होतो. शाळा मारुतीच्या ओसरीत भरायची. माधवराव मास्तर बीडहून नवीन आलेले, चष्मेवाले, कोवळे. मी ओसरीच्या कडेला बसून कडी ठोकत होतो आणि मास्तर पोरांना एक पितळी डबी दाखवत होते. वर काच, आत सुई.

"ही सुई बघा," मास्तर म्हणाले. "डबी कशीही फिरवा, कुठेही न्या. सुई जरा हेलकावे खाईल आणि शेवटी उत्तरच दाखवेल. कधी चुकायची नाही."

माझा हात थांबला.

उत्तर! आता मला सांगा, उत्तर म्हणजे काय? प्रश्न विचारला की जे येतं ते. ज्याला दोन अक्षरं येतात त्यालाही हे कळतं, आणि मला तर सगळी येत होती.

मी हातोडा खाली ठेवला. "मास्तर, कुनीबी हातात घेतली तरी?"

"कोणीही घ्या, सखाराम. राजा घेवो, भिकारी घेवो. उत्तर तेच."

"मानसाची भीडबीड?"

मास्तर हसले. "सुईला कसली भीड? भर दर्यात जहाजवाल्यांना काही दिसेनासं झालं, की ते हिलाच विचारतात."

विचारतात! बघा, शब्द त्यांचा आहे. मी पदरचा घातलेला नाही.

"आन कदी खोटं बोलली तर?"

"एकच पथ्य आहे. जवळ लोखंड नको. लोखंड जवळ आलं की ती भुलते आणि उत्तर सोडून लोखंडाकडे बघत बसते."

झालं. माझी खातरी पटली. कडी बसवली आणि मास्तरांना बाजूला घेऊन म्हणालो, "ही डबी मला एक दिस उसनी पायजे."

"कशाला?"

"काम हाय."

मानी माणूस कारण सांगत नाही. तिथेच कारण सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुमचा चहा फुकट गेला असता.

मास्तर घुटमळले. "माझ्या सासऱ्यांनी दिलेली आहे. एकच आहे. जपा."

"जशी हाय तशी परत आनीन," मी म्हणालो. लोहाराचा शब्द दिला.

दुसरा दिवस शुक्रवार, तेव्हाच्या राजवटीत सरकारी सुटीचा. सकाळी मी गिरजेला, म्हणजे माझ्या बायकोला, कामाला लावलं. घरातलं सगळं लोखंड बाहेर काढायचं! लोहाराचं घर हो. घण गेले, हातोडे गेले, उरलेले विळे गेले. ऐरण आम्ही दोघांनी ओढत अंगणाच्या पार टोकाला नेली.

"अवं, तवा?" गिरजा म्हणाली.

"काढ."

"इळी?"

"काढ."

"माज्या पायातली जोडवी?"

"ती चांदीची हायत. ऱ्हाऊ दे."

"झालं काय पन तुमाला? घर इकायला काढलं का?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर आता डबी देणार होती.

पडवीत ज्वारीची कणगी होती. मी तिला टेकून बसलो, डबी मांडीसमोर ठेवली आणि मोठ्याने विचारलं, "माझी सांडशी कुठं हाय?"

सुई थरथरली, फिरली, आणि पाठीमागच्या कणगीकडे तोंड करून थांबली.

मी डबी फिरवली. पुन्हा विचारलं. पुन्हा कणगी.

"भुलली!" मी म्हणालो. "कुठंतरी लोखंड ऱ्हायलंय."

"कनगीत जवारी हाय," गिरजा म्हणाली. "लोखंड कुठलं?"

"मंग घराच्या छायेनं भुलती. चल भायेर."

ऐरण होती त्याच्या उलट टोकाला, अंगणाच्या मोकळ्या जागेत बसलो. विचारलं. सुई डुलली, डुलली, आणि थांबली. नेमकी महालिंगअप्पांच्या दुकानावर!

"अप्पा?" गिरजेने तोंडाला पदर लावला. "अवं, ते गूळ इकत्यात. त्यास्नी सांडशी कशाला?"

"ते मी त्यास्नीच इचारीन."

"आदी दुसरं कायतरी इचारून बघा की. आपली गाभन म्हैस कवा व्याईल?"

विचारलं. सुई हललीच नाही. अप्पांचं दुकान.

"म्हशीचं बी उत्तर अप्पाच?"

"ती पैल्याच सवालावर अडून बसली हाय," मी म्हणालो. "लई नेकीची हाय. एक निकाल लागल्याबिगर दुसरा घेत न्हाई."

आता हसता का? मला तेव्हा हे अगदी बरोबर वाटलं होतं. तहसिलीतही कामं अशीच चालत.

महालिंगअप्पा म्हणजे कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि बोलणं असं हळू की माशीही दचकू नये. गावाची ज्वारी, मीठ, गूळ सगळं त्यांच्या तराजूतून जायचं. बाहेरचा व्यापारी आला तरी म्हणायचा, अप्पांच्या दुकानी मोजू.

मी दुकानापुढे उभा राहिलो. आत आठ-दहा गिऱ्हाइकं होती.

"अप्पा, माझी सांडशी द्या."

"कोनती रं?"

"नेली ती."

अप्पांनी गुळाची ढेप खाली ठेवली. "सखाराम, मी गूळ काय सांडशीनं काढतो व्हय?"

"त्ये तुमास्नीच म्हाईत. उत्तर आलंय." मी डबी उघडून दाखवली. "मास्तरांची डबी हाय. ही खोटं बोलत न्हाई. जहाजवाले बी हिलाच इचारत्यात."

आणि मग एक गोष्ट घडली ती मी अजून विसरलेलो नाही. एका म्हातारीची ज्वारी तराजूच्या पारड्यात होती. तिने ती हळूच परत आपल्या ओच्यात ओढून घेतली.

ते अप्पांनी बघितलं. मीही बघितलं.

"चाळीस वर्सं," अप्पा म्हणाले, "चाळीस वर्सं गाव ह्या तराजूवर इसवास ठेवून हाय. तुजी डबी खरी निघाली तर मी आज दुकानाला कुलूप लावतो. आन खोटी निघाली तर?"

तिथे थांबायला हवं होतं. पण आठ-दहा माणसं माझ्याकडे बघत होती ना!

"तर माजी ऐरन तुमच्या दारात आनीन," मी म्हणालो, "आन गावासमोर तिच्यावर तीन बार नाक घाशीन."

"कबूल. आन डबी आत. माज्या दुकानात सांडशी कुठं हाय त्ये दावू दे तिला."

लोखंडी वजनं मी आधी बाहेर ठेवायला लावली. पथ्य म्हणजे पथ्य. डबी दुकानाच्या मधोमध ठेवली. सुईने मागच्या भिंतीकडे तोंड केलं. भिंतीजवळ नेली, तरी भिंतीच्या पलीकडेच बघते! आणि भिंतीच्या पलीकडे कोणाचं घर?

"पाटलाचं," कोणीतरी हळूच म्हणालं.

"मंग अप्पांनी सांडशी पाटलांकडं दिली," मी म्हणालो.

अप्पांनी गल्ल्याला कडी घातली. "चला. म्या बी येतो. बगू तर खरं."

आम्ही निघालो. पुढे मी, हातात डबी, मागे अप्पा, त्यांच्यामागे गिऱ्हाइकं. वाटेत ज्याने त्याने विचारलं आणि जो तो मागे लागला. पाटलाच्या दारात पोचेपर्यंत निम्मं गाव, चार कुत्री आणि कोणाची तरी दावं तोडलेली शेळी माझ्यामागे होती.

पाटील दात घासत होते. "कावून आलाव रं एवढे जन?"

मी सांगितलं. पाटलांच्या तोंडातली काडी थांबली.

"बे लोहारा! मी चोर हाय का? बोल!"

मी डबीत बघितलं. आयुष्यात देवाकडे इतकं काकुळतीने मी कधी मागितलं नव्हतं. सुई पाटलांच्या घरावरून थेट पुढे बघत होती.

"न्हाई पाटील! तुमी न्हाई! ती तुमच्या घरावरनं पुढं बघतीया."

"पुढं कुठं?"

पुढे मारुतीचं देऊळ.

"मारुतीनं नेली!" मागून एक जण ओरडला. "लंका पेटवताना हात भाजला आसंल, म्हनून नेली आसंल!"

गाव हसलं. मी हसलो नाही. मी देवळापाशी गेलो, डबी बघितली. सुई देवळाच्याही पुढे! आता पाटीलसुद्धा मागे होते, तोंडात काडी तशीच. मी चालतच राहिलो. दुसरं करणार काय? थांबलो असतो तर सगळे माझ्या अंगावर आले असते.

नदीच्या वाळूत आम्ही उतरलो. पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहून मास्तर धोतर धूत होते. सगळं गाव आपल्यावर चालून येतंय असं बघून त्यांनी धोतर छातीशी धरलं.

"काय झालं?"

"मास्तर," मी म्हणालो, "तुमची डबी अजून बी पुढंच दावतीया. नदीच्या पल्याड!"

"मग? दाखवणारच. तिकडे उत्तर आहे ना!"

"तेच तर शोधतोय! कुठं हाय उत्तर?"

मास्तरांनी ओल्या धोतरासकट हात वर करून पलीकडचा काठ दाखवला. "हे काय, हे सगळं उत्तरच."

"ह्ये कसलं उत्तर? वाळू हाय ती!"

"अहो सखाराम, उत्तर म्हणजे दिशा! उत्तर दिशा. तुम्ही लोक जिला..." ते थांबले. माझ्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं, मागच्या गर्दीकडे बघितलं. बिचाऱ्यांच्या सगळं ध्यानात आलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "गंगेकडची बाजू. तिला पुस्तकात उत्तर म्हणतात."

तुम्ही कधी भर गर्दीत आपल्या कानांत आपलंच रक्त वाजताना ऐकलंय? मी ऐकलं.

"म्हंजी," पाटील म्हणाले, "ह्या बहाद्दरानं गंगा कुठं हाय त्ये शोधून काढलं!"

पुढचं हसणं मी सांगत नाही. अप्पा मात्र हसले नाहीत. वळले आणि दुकानाकडे चालू लागले. म्हातारी त्यांच्यामागे ज्वारी घेऊन पळाली. नाक घासायचं कोणी काढलं नाही. अप्पांनीही नाही. ते जास्त बोचतं, बरं का.

चुकलो हे कबूल करून मी डबी तिथेच मास्तरांच्या हातात दिली असती, तर निम्मी अब्रू वाचली असती. पण मी वाळूत उभा राहून काय म्हणालो?

"तुमची सुईच बिघडली हाय, मास्तर. घरात कनगीकडं दावती, अंगनात गंगेकडं. तिचं पानी उतरलंय. दुरुस्त करून देतो." आणि ते काही बोलायच्या आत घरी आलो.

बिघडलेलं लोखंड दुरुस्त करायचा एकच उपाय मला माहीत होता. भाता चालू केला. सुई डबीतून काढली, तिची पितळी टोपी उतरवून ठेवली, आणि सांडशी नाही म्हणून गिरजेच्या चुलीतल्या चिमट्याने सुई निखाऱ्यात धरली. लाल केली. पाण्यात सोडली. चर्र! बघा, कसं झकास पाणी दिलं. टोपी बसवून सुई परत डबीत ठेवली आणि अंगणाच्या मध्यात नेली.

सुईने कुठेच बघितलं नाही. डबी फिरवली की सुई फिरायची. डबी थांबली की सुई असेल तिथे थांबायची. गंगा नाही, डोंगर नाही, काही नाही. लोखंडाचा तुकडा नुसता.

मी तिच्याकडे बघत बसलो आणि पडवीतून गिरजेची हाक आली.

"अवं! हिकडं या!"

ती दळणाला ज्वारी काढत होती. कणगीच्या मागे हात घालून तिने काय ओढून काढलं, सांगा. सांडशी!

"इच्चू!" ती म्हणाली. "इच्चू निघालता त्या दिवशी!"

आठवलं. चार दिवसांपूर्वी कणगीमागे विंचू निघाला होता. मीच सांडशीत धरून तो चिरडला होता आणि सांडशी तिथेच भिंतीला टेकवली होती. मीच.

म्हणजे सुईने घरात पहिल्या फटक्यात खरं सांगितलं होतं! ती भुलली तेव्हा बरोबर होती, आणि बरोबर झाली तेव्हा मला भुलवून गेली. आणि अशी खरी साक्ष देणारीला मी काय केलं? निखाऱ्यात भाजलं.

संध्याकाळी डबी घेऊन मास्तरांकडे गेलो. सगळं सांगितलं. सांगताना जमिनीकडे बघत होतो. मास्तर सुईकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मेली ती," एवढंच म्हणाले. "लाल होईपर्यंत तापवलं की लोखंडातलं चुंबकपण जातं."

"परत यील?"

"येईल. पण चुंबक बीडच्या शाळेत. माझ्याकडे नाही." मग चष्मा पुसत बसले, आणि पुसता पुसता त्यांच्या तोंडावर काहीतरी उजळलं. "तुमच्याकडे नवसागर आहे?"

"कल्हईवाल्याकडनं आनतो."

"आणि एक खिळा. मऊ लोखंडाचा."

दुसऱ्या दिवशी ओसरीत आम्ही बसलो. मास्तरांचा मेहुणा जालन्याच्या तारघरात होता. त्याने टाकाऊ म्हणून दिलेली एक काचेची बरणी त्यांनी जपून ठेवली होती. तिच्यात नवसागराचं पाणी, एक जस्ताची कांडी, एक कोळशाची. तांब्याची तार होती, तिला सूत गुंडाळलेलं. ती त्यांनी माझ्या खिळ्याभोवती गुंडाळली. पागोट्यासारखी, वेढ्याला वेढा लावून.

"कानशीचा कीस टाका खाली," म्हणाले.

मी चिमूटभर टाकला. त्यांनी तारेची दोन टोकं बरणीच्या कांड्यांना लावली आणि खिळा किसावर धरला. कीस उठून बसला आणि खिळ्याला जाऊन चिकटला! जसं काही खिळ्याला दाढी फुटली.

तार काढली. दाढी गळून पडली.

"पुन्ना करा," मी म्हणालो.

पुन्हा केलं. धरलं. सोडलं. अकरा वेळा करायला लावलं मी त्यांना. खिळा माझ्या हातचा, कीस माझ्या कानशीचा. लोखंडात जन्म गेला आणि लोखंडाच्या पोटात हे असं काही असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी सांगू दिलं नव्हतं मी.

"तारेतनं काय जातं, मास्तर?"

"वीज."

"आभाळातली?"

"तीच जात. पण ही पाळीव."

"दिसती का?"

"ती नाही दिसत. तिचं काम दिसतं. जालन्याची तार अशीच वाजते. इकडे कोणी तार जोडली की तिकडे खिळा लोखंडाला ओढतो, कट्. सोडली की सोडतो."

"शाना खिळा हाय," मी म्हणालो. "धर म्हनलं की धरतो, सोड म्हनलं की सोडतो. माझं तोंड असं असतं तर!"

मास्तर पहिल्यांदा खदखदून हसले.

मग मी विचारलं ते त्यांना आवडलं. विचारलं, खिळा लगेच विसरतो, मग डबीतली सुई वर्षानुवर्षं कशी आठवण ठेवते? ते म्हणाले, "मऊ लोखंड लगेच विसरतं. पाणी दिलेलं कडक पोलाद धरून ठेवतं." आणि माझ्या सांडशीत थोडं चुंबकपण असणार असंही म्हणाले, कारण पोलाद रोज ठोकलं, एका दिशेत टेकवून ठेवलं, की ते आपोआप थोडं येतं. म्हणजे बा आणि मी मिळून पन्नास वर्षं चुंबक घडवत होतो आणि दोघांनाही पत्ता नाही!

भाजलेली सुई मी परत दिली असती तर चाललं असतं. पण लाल करताना तिचं टोक जळून बोथट झालं होतं. जशी होती तशी आणीन, हा शब्द होता. मी जुनी कानस फोडली. चांगलं पोलाद. त्यातून सुई काढली, केसाच्या वजनाने दोन्ही बाजू तोलल्या, पाणी दिलं. ओसरीत मास्तरांनी तार जोडली आणि मी खिळ्याच्या टोकावर सुई घासली. एकाच बाजूने. टोकापर्यंत न्यायची, उचलायची, परत सुरुवातीपासून. मागे-पुढे घासली की केलेलं पुसलं जातं. पन्नास वेळा घासली.

डबीत ठेवली. सुई डुलली, फिरली आणि तिचं टोक डोंगराकडे थांबलं. म्हणजे ओसरीतून बघितलं तर थेट माझ्या घराकडे.

"उलटी झाली," मास्तर म्हणाले.

"उलटी कशी? खरा चोर हिनं पैल्या झटक्यात वळखला."

खिळ्याचं दुसरं टोक घेऊन पुन्हा घासली. सुई वळली आणि गंगेकडे बघू लागली. मास्तरांनी जोडलेली तार तिच्यावर धरली तर दचकून बाजूला झाली, तार काढली तर परत गंगेकडे. मास्तरांनी डबी मिटून खिशात घातली. त्यांचं देणं फिटलं.

राहिले अप्पा.

आठ दिवस मी तिथून जाणं टाळलं. मीठ गिरजाच आणायची. एका रात्री जेवताना मी तिला म्हणालो, "म्या काय बोललोतो? सुई खोटी निघाली तर नाक घाशीन. सुई तर खरी निघाली. मंग घासायचं कारन न्हाई."

गिरजेने भाकरी वाढली. "सुई खरी निघाली," ती म्हणाली. "खोटं कोन निघालं?"

पुढच्या शुक्रवारी मी आणि गिरजेने ऐरण ओढत अप्पांच्या दारात आणून ठेवली. सुटीचा दिवस. मास्तर होते, पाटील होते, ती म्हातारी होती. कोणी बोलावलं नव्हतं, पण आमच्या गावात बोलवावं लागत नाही.

"ऱ्हाऊ दे, सखाराम," अप्पा म्हणाले. "जुनं झालं त्ये."

"बोललोय मी," मी म्हणालो.

दुकानाकडे तोंड करून गुडघ्यावर बसलो. नाक ऐरणीच्या अलीकडच्या कडेला टेकवलं, पलीकडच्या कडेपर्यंत नेलं, उचललं. परत अलीकडे टेकवलं. हाताला लागलेली सवय नाकाला लागली होती, दुसरं काही नाही.

अप्पा वाकून बघत होते. "मास्तर, ह्यो एकाच बाजूनं कावून घासतोय वो?"

"लोखंड तसंच घासतात, अप्पा," मास्तर म्हणाले. "मग ते कायम उत्तरेकडेच तोंड करून राहतं."

"मंग बरं झालं," अप्पा म्हणाले. "आता ह्याला कुठंबी सोडा, जल्मभर माज्याच दुकानाकडं बगत बसंल!"

तिसऱ्यांदा घासलं. देणं फिटलं.